विलेमचं दुसरं वळण

निसर्ग आपलं गुपित फक्त धीराच्या माणसाला सांगतो, असं आमच्या प्रमुख होलुबोवाबाई प्रत्येक बैठकीत म्हणत. मग पडद्यावर आलेख उमटायला जरा उशीर झाला की टेबलावर बोटं आपटत.

प्रागमधल्या आमच्या प्रयोगशाळेत ओत्मार आणि विलेम एकाच संयुगाचे स्फटिक वाढवत: सेरियम, रोडियम, इंडियम. असा स्फटिक गारठवत नेला की अणूंचे इवले चुंबक एका क्षणी शिस्तीत उभे राहतात आणि मोजमापाचा आलेख वळतो. ओत्मारच्या स्फटिकात असं एक वळण होतं. विलेमच्या स्फटिकात, आणखी खाली उतरल्यावर, दुसरं निघालं! पुढच्या तपासणीसाठी फ्रान्सच्या अणुभट्टीवर एकाचाच स्फटिक, आणि त्याबरोबर तो स्वतः, जाणार होता, आणि तो कोणाचा हे आता शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

नवं वळण सापडलं की ज्याचं त्याने सगळ्यांना खायला घालायचं, ही आमची रीत. विलेमने हॅम लावलेले पाव आणले. ओत्मारने चार खाल्ले, चारही एरंडेल प्यायल्यासारख्या तोंडाने.

"शेजारी जुळं झालं, तर तू का कण्हतोस?" मी विचारलं.

"अरे, माझा स्फटिक बघ, आरसा आहे आरसा! आणि त्याचा? अंगावर अजून इंडियमचा थर. पोराला अंघोळ नाही घातली, आणि दोन वळणं त्यालाच..."

तो मध्येच थांबला. हातातला पाचवा पाव तसाच टाकून पळाला.

हे स्फटिक वितळलेल्या इंडियममध्ये वाढतात, म्हणून नंतर आम्लात धुवावे लागतात. ओत्मारने स्वतःचा एक स्फटिक मुद्दाम न धुता मोजला. त्यालाही दुसरं वळण! नेमकं तिथेच, जिथे नुसतं इंडियम अतिवाहक होतं, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देतं.

बैठकीत त्याने दोन्ही आलेख शेजारीशेजारी लावले. "बाई, विलेमने नवी अवस्था नाही शोधली. मळ मोजलाय."

बाईंनी वळणाचा आकडा दोन्हींवर ताडून पाहिला. "फ्रान्सला ओत्मार जाईल."

ओत्मार विलेमच्या चेहऱ्याकडे टक लावून बसला. आपण जेवढे जळलो, त्याच्या निम्मं तरी त्याने जळावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

विलेम उठला, त्याच्याजवळ आला.

"जातोच आहेस तर बायकोसाठी लव्हेंडरचा साबण आणशील का रे? इथे चांगला मिळत नाही."