माळ्याच्या घरातलं दूध

इंग्लंडमधल्या लीड्सच्या पार्कात माळ्याचं जुनं दगडी घर कित्येक वर्षं बंद पडलं होतं. जो दुरुस्त करेल त्याला ते भाड्यानं राहायला द्यायचं असं कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, ठरवलं, तेव्हा उल्का पोट धरून हसली होती. "कबुतरांची धर्मशाळा ती! कोण वेडा घेईल?"

घेतलं तिच्याच मैत्रिणीनं, वरदानं. दोन वर्षं नवरा-बायको चुन्यात माखून घेत होती, आणि आज तिथं वास्तुशांत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुलाबांचे ताटवे दिसले आणि उल्काच्या पोटात दुखायला लागलं.

"दूध तूच उतू घालव गं," वरदा म्हणाली.

उल्कानं गॅस अगदी बारीक केला. दूध साय धरून गप्प बसलं. 'बसू दे. सगळंच का हिचं उतू जावं?'

थोड्या वेळानं वरदा पातेल्यात डोकावली आणि तिचा चेहरा उतरला. "अजून नाही? अपशकुन तर नाही ना गं? घर काही आपलं नाही, पंचवीस वर्षांनी परत कौन्सिलचं. म्हटलं, दूध तरी आपलं उतू जावं."

हे ऐकून उल्काला एकदम बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून लाजही वाटली. तिनं गॅस मोठा केला. दूध भसकन वर आलं, शेगडीभर सांडलं, आणि वरदानं तिला मिठीच मारली.

तिच्या खांद्यावरून उल्काला पुन्हा गुलाब दिसले. पोटात दुखायचं काही थांबलं नव्हतं.

"सोड आता," ती म्हणाली, "आणि फडकं दे. मीच पुसते."