शेवटच्या भागातली आई

चिमटी मरून दीडेकशे वर्षं झाली होती, पण वय अजून सोळाच होतं, आणि सोळाव्या वर्षी माणसाला जेवढा धीर असतो तेवढाच तिला होता. म्हणजे नव्हताच. लेखिकाबाई मात्र त्या नसलेल्या धीराचा अंत बघायला बसल्या होत्या.

बाई राहत होत्या ती खोली एके काळी छापखान्याची होती. चिमटी तिथे खिळे जुळवायची. शिशाचं एकेक अक्षर चिमट्याने उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळींचं पान करायचं. तिचं टोपणनाव तिथलंच. छापखान्याचे नियम कुणी फारसे पाळत नसे, एक सोडून: हातातलं पान अर्धं टाकून उठायचं नाही. फोरमन त्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडत नसत.

हे फोरमनही मेल्यावर बरीच वर्षं जिन्याखाली अडकून होते. मग कुणा अभ्यासकाने त्यांची हकीकत, दारूच्या सवयीसकट, जशीच्या तशी छापली आणि त्याच दुपारी फोरमन टोपी घालून चालते झाले. चिमटीचा साधा निरोपसुद्धा घेतला नाही. पण वाट कळली. आपली गोष्ट खरीखुरी, शेवटापर्यंत छापून आली की सुटका. तेव्हापासून ती लिहिणाऱ्या भाडेकरूची वाट बघत होती, आणि नशिबाने मिळाल्या त्या या बाई.

बाई मनाने चांगल्या होत्या, पण प्रकाशकापुढे त्यांचं काही चालत नसे. पहिल्याच भेटीत प्रकाशक म्हणाला, "तरुण मुलं नुसते खिळे वाचणार का? जुनं शहर ठेवा, गॅसचे दिवे ठेवा, पण शिशातून राक्षस निघू देत." निघाले. शहराखाली भुयारं आली. दिवे लावणारा एक देखणा मुलगा आला आणि मालिकेच्या दर भागात चिमटीचा हात धरायला लागला. खरा दिवेवाला साठीचा होता आणि त्याला नीट दिसत नव्हतं. चिमटीने तक्रार केली, तर बाई म्हणाल्या, "अगं, वाचकांना आवडतो तो."

प्रत्येक भाग छापून आला की बाई तो उघडून कपाटाच्या आरशासमोर धरत. चिमटीला सरळ अक्षर वाचताच यायचं नाही. शाळा तिने पाहिली नव्हती. ती लिपी शिकली ती खिळ्यांवरून, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. "सगळं जग चुकीच्या बाजूने छापतं," असं तिचं म्हणणं होतं. बाईंचे हात भरून येत, पण ती एक ओळ सोडत नसे.

एकदा, तिसऱ्या भागात, बाईंनी परस्पर प्रकरण मिटवायचा प्रयत्न केला. शेवटच्या पानावर चिमटी उजेडात विरून गेली. पुस्तक बाजारात आलं त्या दिवशी चिमटी वेणी घालून, पदर नीट करून खिडकीत बसली. संध्याकाळ झाली, ती तिथेच.

"मी कधी विरले?" ती म्हणाली. "खोट्याने काही होत नाही, बाई."

प्रकाशकाचं दुखणं वेगळंच होतं. "विरली कशी? परत आणा तिला."

पण मालिकेचा खरा जीव अडकला होता तो चिमटीच्या आईत. आई छापखान्यात पुस्तकं शिवायची. पुस्तकातली आईही शिवायची, शिवाय हातातल्या दाभणाने राक्षसांचे डोळे फोडायची आणि वर त्यांनाच झापायची. तिचं बोलणं बाईंनी चिमटीकडून ऐकून जसंच्या तसं उतरवलं होतं. सबंध मालिकेत तेवढंच अस्सल होतं. मुली तिच्यावर लट्टू होत्या. आईला काही झालं तर वाचणं सोडू, असं त्या मुली बाईंना जागोजागी बजावत. चिमटी हे ऐके आणि दिवसभर खोलीत भिंतींतून आरपार मिरवत राही.

शेवटी प्रकाशकाला दुसरी, जास्त खपणारी मालिका सापडली आणि त्याने सातवा भाग शेवटचा ठरवला. बाईंनी दुपारी आरशाकडे पाठ करून लॅपटॉप उघडला.

"आता राक्षस नाहीत," त्या म्हणाल्या. "दिवेवाल्याला गावी पाठवून दिला. तू सांग, मी लिहिते. काही बदलणार नाही. मलाही तुझं ओझं झालंय, पोरी."

चिमटीला आनंदाने काही सुचेना. ती भराभरा सांगत गेली. थंडी होती. आईला ताप होता, तरी शेजारच्या खोलीत ती शिवायला बसली होती. इकडे चिमटीच्या हातात घाईचं पान होतं, रस्त्यावरच्या दिव्यांचे नियम.

"आईने हाक मारली. पाणी मागितलं," ती म्हणाली आणि थांबली.

"मग?"

मग काय झालं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने जागेवरूनच ओरडून सांगितलं होतं, एवढं पान झालं की आले. आईने पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा तेच सांगितलं. पान सुरेख झालं, एक खिळा चुकला नाही. ती आत गेली तेव्हा आई शिवणीवर डोकं टेकून गेलेली होती. ते नियम पुढे कुणी वाचल्याचंही ऐकिवात नाही.

एवढं बोललं की झालं होतं. पुस्तक छापून येईल आणि फोरमनसारखी तीही जिना उतरेल. पण मग शेवटच्या भागातली आई पाणी मागत राहील. कुठलीही मुलगी ते पान उघडेल तेव्हा ती नव्याने हाक मारेल आणि कुणी जाणार नाही. चिमटीला ते सहन होईना.

"गेले मी," ती म्हणाली. "पहिल्याच हाकेला. पान तसंच टाकून."

बाईंची बोटं थांबली. त्या प्रकाशकापुढे मऊ होत्या, पण मूर्ख नव्हत्या. इतकी वर्षं फोरमनच्या गोष्टी त्यांनी ऐकल्या होत्या.

"फोरमन काही बोलले नाहीत?"

"बोलले असतील. मी ऐकायला थांबले नाही."

"पोरी, हे असंच छापलं जाईल. याच्यापुढे भाग नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

बाईंनी लिहायला घेतलं: मुलगी उठली, धावत आत गेली, तिने आईला गार पाणी दिलं.

चिमटी आरशात ओळ वाचत होती. "गार नको," ती म्हणाली. "कोमट लिहा. तिला गार सोसायचं नाही."

बाईंनी कोमट लिहिलं.