चार फायलींत मेलेला नवरा

आमच्या गल्लीत जुलै लागला की दोन गोष्टी येतात, नळाला गढूळ पाणी आणि कॉलेजची पोरं. समाजकार्य शिकतात म्हणे. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात वही. गुरुवार-शुक्रवार यायचं, घराघरात बसायचं, विचारायचं आणि लिहून न्यायचं. त्याला ते फिल्डवर्क म्हणतात. लिहिलेलं त्यांच्या मॅडम तपासतात, आणि मार्चमध्ये पोरं पास होऊन जातात ती जातातच.

मी लंकाबाई. पंचवटीत पालेभाजीची गाडी लावते. नऊ वर्षं झाली, दरसाल कुणी ना कुणी मलाच केस करतं. करणारच की. मी चहा देते, तोंडावर दार लावत नाय आणि उत्तरं माझी पाठ हायत. घरात माणसं किती? दोन, मी आणि माझी पूजा. संडास? सार्वजनिक. शिक्षण? चौथी. नवरा? वारला. इथं आलं की पोरं मान खाली घालतात आणि पटकन पुढच्या प्रश्नावर जातात. शेवटच्या दिवशी स्टीलची वाटी देतात. माझ्या मांडणीवर अशा आठ वाट्या हायत.

मला एकच गोष्ट कळायची नाय, हे लिहितात तरी काय? गोष्ट माझी आणि मलाच पत्ता नाय. एकदा राज नावाच्या पोराला म्हटलं, दाखव की बाबा. तर म्हणाला, मावशी, ते गोपनीय असतं. घ्या! माझंच, आणि माझ्यापासून गोपनीय.

यंदा शाझिया आली. येवल्याची. बाप पैठणीच्या मागावर बसतो, ही नाशकात होस्टेलला राहून शिकते. अंगाने बारीक, पण नजर लय चौकस. बाकीची पोरं आल्या आल्या वही उघडायची. ही आधी घर बघत बसली. कढीपत्ता तेलाच्या डब्यात का लावलाय, गाडीचं एक चाक मोठं कसं, मेथीच्या जुड्या किती वाजता बांधता. मला वाटलं, ही पोर माझी केस करते की माझ्या भाजीची?

त्यात पूजाचं निघालं. पोर बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. एकट्या आईच्या पोरींना फी आणि होस्टेल माफ करणारी एक संस्था हाय, तिचा फॉर्म शाझियानेच शोधून आणला. पूजाने तो दोन दिवस खपून भरला. 'नर्स का व्हायचे आहे?' असा एक मोठा चौकोन होता. त्यात तिने लिहिलं, माझे वडील साप चावून गेले. गावच्या दवाखान्यात वेळेला इंजेक्शन द्यायला कुणी असतं तर ते वाचले असते.

पूजाचं आणि सापाचं वैर जुनं. नागपंचमीला सगळी गल्ली पुरणाची दिंडं खाते, ही हात लावत नाय. सात वर्षांची असताना म्हणाली होती, ज्याने माझ्या बाबाला खाल्लं त्याची पूजा मी नाय करणार. परवाच्या नागपंचमीलाही सकाळपासून उपाशी बसली.

फॉर्मला एकच कागद कमी पडत होता, वडिलांच्या मृत्यूचा दाखला. शेवटची तारीख शनिवार. मी आज बघते, उद्या बघते करत राहिले. मग म्हटलं, गावी राहिलाय, कळवणला. तर पूजा म्हणाली, शनिवारी पहाटेच्या एसटीने जाते, दुपारपर्यंत घेऊन येते. मी बांधलेली मेथीची जुडी सोडून परत बांधायला घेतली.

शुक्रवारी दुपारी पूजा मार्कशीटचे झेरॉक्स काढायला गेली आणि शाझिया आली. चहा घेतला, पण वही काढली नाय. म्हणाली, मावशी, एक विचारायचंय, तुम्ही रागवाल. तिच्या रूपालीमॅडमनी वस्तीत येण्याआधी कॉलेजच्या कपाटातल्या जुन्या फायली वाचायला लावल्या होत्या. फायलीत नावं नसतात. पण चार फायलींत पालेभाजीची गाडी होती, एकुलती मुलगी होती आणि दारात तेलाच्या डब्यात कढीपत्ता होता.

"मावशी," ती म्हणाली, "त्या फायलींत तुमचा नवरा चार वेळा मेलाय."

एकीत साप चावून. एकीत वणीच्या रस्त्यावर ट्रकखाली. एकीत दारूने, एकीत विहिरीत पडून. पोरीच्या आवाजात ना राग होता, ना चेष्टा. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच मला सहन झालं नाय. मी तिला सुनावलं. म्हटलं, तुमच्या वह्या भरायला मी माझा नवरा कितींदा मारायचा? ऊठ, नीघ इथून. ती उठली नाय. उरलेला चहा पीत बसून राहिली.

माझा राग असाच, चढतो तसा उतरतो. मग मीच बोलले. साप पूजासाठी होता. चार वर्षांची पोर रोज विचारायची, बाबा कुठंय, बाबा कुठंय. एक दिवस तोंडातून साप निघून गेला आणि तो घरातच राहिला. ट्रक मी पहिल्या साली आलेल्या पोरीला सांगितला, पूजा शाळेत होती म्हणून. म्हटलं बघू, पकडते का. तिने मुकाट्याने लिहून घेतलं. पुढल्यांना दारू सांगितली, विहीर सांगितली. साप सांगितला तो पूजा समोर बसली होती तेव्हा. सगळ्यांनी लिहून नेलं. मला हसू यायचं, आणि मागाहून लय वाईट वाटायचं. नऊ वर्षं मी कुणीतरी पकडायची वाट बघत होते म्हणा ना.

"मग गेला कुठं?" शाझियाने विचारलं. इतक्या पोरांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

सांगितलं तिला. माझा नवरा बहिरू दरसाल द्राक्षाच्या छाटणीला निफाडला जायचा. त्या साली हंगाम संपला, बाकीचे गावी परतले, हा नाय. तीन वर्षांच्या पूजाला कडेवर घेऊन मी शोधत गेले. बागेच्या कडेला खोपटं होतं. त्यात तो, एक बाई, आणि बाईच्या मांडीवर तान्हं. मी हाकसुद्धा मारली नाय. तशीच मागं फिरले, नाशकात उतरले आणि स्टँडवरच्या नळावर कुंकू धुऊन टाकलं. विधवा म्हटलं की लोक हळहळतात. टाकलेली म्हटलं की हिच्यातच काय खोट होती ते शोधतात.

शाझियाने विचारलं, लिहू का? मी म्हटलं, लिही. लिहून झाल्यावर तिने फॉर्म उलटून दाखवला. मागच्या पानावर आणखी एक रकाना होता, नवऱ्याने सोडलेल्या बाईच्या मुलीसाठी. त्याला दाखला लागत नाय, प्रतिज्ञापत्र चालतं. पण त्यावर आईची आणि मुलीची, दोघींची सही. म्हणजे पूजाला कळणार, आणि उद्याच्या आत कळणार. नाय कळलं तर फॉर्म गेला, आणि फॉर्म गेला तर मेथीच्या जुड्यांवर काय नर्सिंग होत नाय.

मी म्हटलं, आधी मला वाचून दाखव काय लिहिलंस ते. गोपनीय असेल तर राहू दे.

ती म्हणाली, "तुमचंच आहे मावशी, तुमच्यापासून कसलं गोपनीय?"

तिने वाचलं. मला वाटलं होतं मोठमोठे शब्द असतील. तसलं काय नव्हतं. मी बोलले तसंच. 'त्यांनी स्टँडच्या नळावर कुंकू धुतले. त्या म्हणाल्या, पाणी गार होते.' माझे डोळे भरून आले. ही लाज मी पंधरा वर्षं पदराखाली धरली होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तर नळावरच्या त्या बाईची मला कीव आली, लाज नाय वाटली.

तेवढ्यात पूजा आली. हातात झेरॉक्स. दोघींची तोंडं बघून दारातच थांबली. तिने काय झालं म्हणून विचारलं. नऊ वर्षं परक्या पोरांसमोर घडाघडा बोलले, आणि पोटच्या पोरीसमोर जीभ टाळ्याला चिकटली.

"शाझिया," मी म्हटलं, "परत वाच. पहिल्यापासून."

शाझियाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने वाचलं, साप, ट्रक, दारू, विहीर, निफाड, नळ, सगळं. पूजा उभ्याने ऐकत होती. वाचून झालं तरी झेरॉक्स तिच्या हातातच होते.

"साप नव्हताच?" तिने विचारलं.

"नव्हता."

ती खाली बसली. माझ्याकडे बघेना. मी जवळ सरकले तर लांब सरकली. भांडली असती तरी परवडलं असतं. शेवटी स्वतःशीच म्हणाली, इतकी वर्षं मी उगाच बिचाऱ्या सापाला शिव्या घातल्या. हसायला गेली आणि रडायला लागली. शाझियाने वही बंद करून बाजूला ठेवली. त्याबद्दल मी त्या पोरीचे उपकार विसरणार नाय.

मग पूजाने डोळे पुसले आणि फॉर्म ओढून घेतला. मोठ्या चौकोनातलं लिखाण पट्टी लावून एकेक ओळ खोडलं. शाझियाला म्हणाली, ताई, इथं आता काय लिहू? शाझिया म्हणाली, ते तू ठरव. पूजा पेन चावत बसली, मग खालच्या उरल्या जागेत लिहायला लागली. मी मान लांब केली तर तिने लिखाणावर हात ठेवला.

लिहून झालं. थोड्या वेळाने तिने हात काढला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. माझं चौथीचं वाचन, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. लिहिलं होतं, 'आधी लिहिलेले कारण खरे नव्हते, हे मला आज कळले. तरी मला नर्सच व्हायचे आहे.'

मागच्या पानावर आईच्या सहीची जागा होती. मी पूजाकडे पेन मागितलं.