उतू गेलेली वाटी

आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात, पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या तीन महिन्यांच्या लेकीचा बाप कोण, ते बघायला अख्खी वाडी जमली होती.

निमित्त दवाखान्याच्या कागदांचं. माझं रक्त 'ओ', नवऱ्याचं, विश्रामचं 'ओ' आणि मैथिलीचं 'बी'. दोन 'ओं'ना 'बी' होत नाही, एवढं दवाखान्यातल्या कंपाउंडरला ठाऊक होतं. त्याने ते वाडीभर केलं. सासूबाईंनी गंगाराम बुवाला बोलावलं. त्याने 'परकं' म्हटलं, की आम्हा मायलेकींची त्याच दिवशी माहेरी रवानगी.

बुवाने दोन वाट्या भरल्या, दोन वेगळ्या बाटल्यांतून. "आपलं रक्त गप बसतं, परकं उसळतं! देव खोटं बोलत नाही, बायका बोलतात!"

लोक हसले. शेजारची शेवंताकाकी तर पाट घेऊन पुढे सरकली.

विश्रामचा थेंब डाव्या वाटीत शांत विरला. तीच सुई धोतराला पुसून बुवाने माझ्या बाळाच्या टाचेत खुपसली. बाळ किंचाळलं. उजवी वाटी पांढऱ्या फेसाने उतू गेली.

"देवचाराचं, भुताचं पोर!" बुवा गरजला.

विश्राम अंगठ्याने माती उकरत राहिला. मला बुवाची आणि त्याची, दोघांचीही किळस आली.

पण फेस ओळखीचा होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बोट कापलं, तेव्हा जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड असंच फसफसलं होतं. मी विश्रामचं बोट ओढून उजव्या वाटीत पिळलं. फेस!

"बुवा, आता तुमचं."

"मी सिद्धपुरुष..."

"टोचा की!" काकीच ओरडली. "आमच्या पोरीला टोचताना नाही हात कापला!"

चौघांनी त्याला धरला, त्याचाही थेंब उजव्या वाटीत पाडला. फेस!

"अगो बाई, बुवाही देवचाराचाच!"

पुढे रक्तपेढीत डॉक्टर मुकादमांनी सासूबाईंसमोरच सांगितलं, "हिचा बॉम्बे गट. 'ए', 'बी' ज्या पायावर उभे राहतात, तो घालणारं जनुकच आईबापांकडून बिघडलेलं आलंय. म्हणून हिचं 'बी' झाकलेलं, वरून 'ओ' दिसतं. मुलीला बापाकडून चांगलं जनुक मिळालं, 'बी' दिसलं. आईवडील नात्यातले?"

"बाबांनी मामाचीच मुलगी केली."

सासूबाई खाली बघू लागल्या. हेच 'घरातलं शुद्ध रक्त' पाहून त्यांनी मला मागणी घातली होती.

"आणि साध्या 'ओ'तही तो पाया असतो. हिला ते चढवलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

बाळंतपणात 'ओ'ची पिशवी उशाशी तयार होती.

कागद पटला नाही, तर रक्तपेढीत जा, पुन्हा तपासा. खळ्यात वाट्या मांडू नका. बुवा पळाला, पण त्याची सुई किती जणांत खुपसून आली होती, कोण जाणे. मैथिलीच्या एचआयव्ही आणि काविळीच्या तपासणीचा निकाल मंगळवारी यायचा आहे.