पुरचुंडीतली डांबरगोळी

“उद्या नको, आज दुपारच्याच गाडीने हिला माहेरी सोडून ये. तेल सांडायचं आणि वर तोंडाला कुलूप लावून बसायचं! असलं माणूस मला घरात नको.”

सासूबाई हे आपल्या मुलाला सांगत होत्या, तेही आवाज दाबून. सुनेच्या कानावर जावं म्हणून नव्हे. पण मागच्या खोलीत उघड्या कपाटाच्या दाराआड सून उभी होती, आणि तिच्या मुठीत मी होते.

मी डांबरगोळी बोलतेय. गोळी म्हणायचं ते जुन्या सवयीने. आता माझ्या आकाराबद्दल कुणी विचारू नये.

माझा जन्म कोळशाच्या डांबरातला. काळ्याकुट्ट घरात जन्मून मी इतकी पांढरी कशी, याचं मलाच कौतुक होतं. कारखान्यात साच्याने दाबून मला गोल केलं, पाकिटात भरलं, आणि मी या लाँड्रीत आले. पुढे दुकान, मागे घर. लोक उन्हाळ्यात लोकरीचे कपडे इथे ठेवायला देतात आणि थंडी पडली की न्यायला येतात. त्या कपड्यांना कसर लागू नये, एवढंच माझं काम. पगार नाही, रजा नाही, आणि कामावर झिजून संपायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

माझा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या एकेका रेणूत दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन नांदतात. ते इलेक्ट्रॉन वाटून घेतात, म्हणून त्यांचं घर सहजी मोडत नाही. शाळेत याला सहसंयुज बंध म्हणतात. पण एका रेणूचं शेजारच्या रेणूशी नातं म्हणजे जिन्यात भेटल्यावर ‘काय, बरं ना?’ इतपतच. जरा ऊब मिळाली की शेजार सोडून रेणू हवेत पसार. वितळायलाही थांबत नाही. याला संप्लवन म्हणतात. मी मात्र याला रोज थोडं थोडं मरणं म्हणते.

सासूबाई जुन्या ओढणीच्या तुकड्यात आम्हा चौघींची पुरचुंडी बांधायच्या आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकायच्या. यंदा कुणाच्या तरी शालीला कसरीने भोक पाडलं. सासूबाईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं, की आमच्या पुरचुंडीत कापराच्या चार वड्याही घातल्या.

“दोन्ही ठेवले की डबल बंदोबस्त,” त्या म्हणाल्या. “आता येऊ दे कसर, बघतेच!”

सून तेव्हा शेजारी बसून पुरचुंड्यांना दोरा बांधत होती. लग्नाला सहा आठवडे झालेले. लग्नाआधी ती शिकवणीच्या वर्गात रसायनशास्त्र शिकवायची. तिचा हात थांबला, ओठ उघडले.

“काय गं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली आणि गाठ मारली.

त्या ‘काही नाही’ने माझा घात केला. मी एकटी ऐंशी अंशांपर्यंत टिकते. कापूर तर त्याहून कितीतरी चिवट. पण आम्ही एकमेकांना भिडलो की दोघांच्याही रेणूंच्या रांगा विस्कटतात, आणि बत्तीस अंशांच्या आसपासच आमचं पाणी होतं. त्या कपाटाची पाठ इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीला. भिंत दिवसभर तापलेली. मी ओघळायला लागले तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण वासाखेरीज मला बोली नाही, आणि त्या वासाची घराला सवय झालेली.

आज सकाळी सासऱ्यांनी हेडमास्तरांचा कोट बाहेर काढला. पाच वाजता शाळेत त्यांचा निरोप समारंभ. त्याआधी ते स्वतःच कोट न्यायला येणार. कोटाच्या छातीवर तळहाताएवढा तेलकट डाग.

“काल कपाट कोणी आवरलं?” सासूबाईंनी विचारलं. सुनेनेच आवरलं होतं. तिने तसं सांगितलं, आणि पुढे गप्प राहिली. निकाल तिथेच लागला.

मग सुनेने गुपचूप कोटाच्या खिशातली पुरचुंडी काढली, हुंगली, स्वतःच्या रुमालावर दाबली आणि रुमाल खिडकीत उन्हात टाकला. सकाळपासून तीनदा येऊन तिने तो उजेडात धरला. काय बघते, ते मला कळत होतं. माझा तिथला अंश उडत होता.

मला वाटलं, संपलं. या घरात खरं काय घडलं ते दोघींनाच ठाऊक. एक बोलत नाही, आणि दुसरी हवेत विरत चाललीय. मी संपले की साक्षही संपली. अगं बाई, बोल! मी उरले आहे तोवर बोल!

आत्ता दारापलीकडे तिचा नवरा म्हणतोय, “अगं आई, पण...”

“तुझा पण आण इकडे, त्यालाही इस्त्री करून देते.”

दुकानातून सासऱ्यांची हाक आली, “पाणी कडकडीत झालंय गं! धुण्याच्या सोड्यात कोट बुडवतो आता.”

लोकरीचा कोट, कडकडीत पाणी! आटून बाहुलीला होईल तो. सुनेची मूठ आवळली. त्या उबेने माझं उरलंसुरलं अंगही पातळ झालं, तिच्या बोटांतून ओघळलं. ज्या उडून जाण्याला मी जन्मभर भ्याले, तेच आता माझा पुरावा आहे. तेल उडत नाही. मी उडते. टांगा मला उन्हात, जाऊ दे मला!

तिने खिडकीतला रुमाल घेतला आणि ती दुकानात जाऊन उभी राहिली.

“बाबा, गॅस बंद करा. कोट पाण्यात घालू नका, उन्हात टांगा. आई, हे तेल नाही. कापूर आणि डांबरगोळी एकत्र ठेवली की त्यांचं असं पाणी होतं. सकाळी तेच मी या रुमालाला लावलं होतं, आता शोधून दाखवा डाग. हेडमास्तर येईपर्यंत कोटावरचा गेला नाही, तर मला सोडायला कुणी यायला नको, माझी मी जाईन. माझी चूक एकच. पुरचुंडी बांधताना हे मला माहीत होतं. यापुढे तुम्ही ‘काय गं’ विचारलंत, तर ‘काही नाही’ म्हणणार नाही.”