उजव्या हातातलं कडं

"उजव्या हातातलं थोरलीला, डाव्यातलं तुला. आधी पारख्याकडून तपासून घे, आणि थोरलीचं तू स्वतः नेऊन दे. कुणाच्या हाती धाडू नकोस."

आई हे तिच्या शेवटच्या आठवड्यात म्हणाली. मी हो म्हटलं, आणि त्याला वर्ष होऊन गेलं. रोज पहाटे देवापुढे दिवा लावताना ठरवायचे, या आठवड्यात नक्की. पण ताईचा फोनवरचा आवाज आठवला की पाऊल मागे यायचं. आईच्या आजारपणात तिला येता आलं नव्हतं.

"मला काही नको गं. दोन्ही तूच ठेव. तूच होतीस ना जवळ," ती म्हणाली होती.

"अगं, आईनंच सांगितलंय."

"मला कुठे काय सांगितलं?"



शेवटी एका सकाळी दोन्ही कडी रुमालात बांधली आणि पारख्याकडे गेले. पहिल्या मजल्यावरची अरुंद खोली. काटा हलू नये म्हणून पंखा बंद. चष्मा कपाळावर चढवलेला पारखी घामाघूम झाला होता.

"विकायची नाहीत ना? मग बसा निवांत, मावशी. चहा सांगू?"

"नको. जप व्हायचाय अजून. तोवर काही घेत नाही."

"मग दोन मणी या काट्यासाठीही ओढा. सकाळपासून रुसून बसलाय."

त्याने एक कडं तोललं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.

"जोडी म्हणालात ना? यातलं एक तीन ग्रॅम कमी भरतंय."

ताई म्हणेल, वर्षभर तुझ्याकडेच तर होती. पण पारख्याने भिंग लावून कडं सावकाश फिरवलं आणि मान हलवली.

"कुणी काही काढलेलं नाही. झिजलंय. बघा तुम्हीच."

भिंगातून पाहिलं. दुसऱ्या कड्यावर पानांची नक्षी जशीच्या तशी होती. याच्यावर एका बाजूला पानं होती की नव्हती, कळत नव्हतं. कड साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली.

"उजव्या हातातलं आहे हे. पीठ मळणं, भांडी घासणं, सगळं यानं केलंय. डावं आपलं सोबतीला."

वेणी घालताना हेच कडं माझ्या कानाला लागायचं, गार. तापात कपाळावर हात यायचा तेव्हाही आधी हेच टेकायचं. मी ते हातात घातलं. घातलं आणि काढवेना.

दोघी बहिणींच्या नावांनी वजनाचे दाखले हवेत, हे मी आधीच सांगितलं होतं. पारखी ते लिहायला बसला. "तुम्ही हलकं ठेवताय? मोठं मन आहे. बहीण खूश होईल. बोला, कुणाच्या नावावर कुठलं?"

किती सोपं होतं! उजवं कुठलं, हे मला आणि या परक्या माणसालाच ठाऊक. जड कडं पाहून ताईही म्हणाली असती, धाकटीनं स्वतःकडे कमी घेतलं. चोरी करून वर शाबासकी. पण रोज ती दोन्ही धुऊनपुसून ठेवणाऱ्या आईला, कुठलं झिजलंय ते माहीत नसेल? आईच्या हातात हात घेऊन मी तीन महिने बसले होते. ताईला एक दिवसही मिळाला नव्हता.

"झिजलेलं थोरलीच्या नावावर लिहा," मी म्हटलं.

"बघा हं. कमी दिलं म्हणेल."

"म्हणू दे. मी समोरच असेन."

कडं बोटांच्या पेरांपाशी अडलं. पारख्याने कोपऱ्यातला नळ दाखवला. साबण लावला, तरी निघता निघेना. निघालं तेव्हा मनगटावर लाल वळ उठला होता.

दोन्ही कडी, दोन दाखले पिशवीत ठेवले. खाली रस्त्यावर ऊन चढलं होतं. ताईच्या गावाची गाडी दीडला सुटते. कुणाला फोन केला नाही. घराकडे न वळता मी स्टँडची वाट धरली.