शाळा सुटल्याची घंटा

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. जाळीच्या सरकत्या दाराची, आत एक लाकडी स्टूल असलेली. तुम्हाला वाटेल, काय मजा, दिवसभर फिरायला मिळतं! कसली मजा अन् कसलं काय! एका उभ्या विहिरीत जन्म काढलाय मी. बाहेर चिखल झालाय की धूळ उडतेय, हे मला माणसांच्या चपलांवरून कळतं.

नवी होते तेव्हा माझे केवढे लाड! ज्याला कुठेच जायचं नव्हतं, तोही एक फेरी मारून गेला. माझी पितळी बटणं रोज पुसली जायची.

पुढे कौतुक आटलं. दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी ताई आणि तिसऱ्यावरचे चष्मेवाले भाऊ यांचं माझ्यावरूनच वाजलं. माझं दार उघडं कोण टाकतं, एवढ्यावरून! दोन वर्षं दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत आणि बाकीचे म्हणायचे, आता कशी शांतता आहे! अलीकडे महिनाभर माझं दार करकरत होतं. "मेकॅनिकला मीच का बोलवू? त्यांना कान नाहीत?" असं ताई म्हणाली. भाऊही घरात नेमकं हेच म्हणाले.

मग एका दुपारी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकले. आत होते चौथ्या मजल्यावरचे शिपाईकाका. एकटे राहणारे, दम्याचे. पेपर आणायला खाली उतरले होते आणि श्वासाचा पंप घरी विसरले होते. समोर नुसती भिंत.

"अगं बाई, आजच रुसायचं होतं का तुला?" काका मला म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी माझी घंटा वाजवली. पण ती पोरं उठसूट वाजवतात. "वात्रट कार्टी!" वरून भाऊ ओरडले. जिन्यावरून पावलं गेली, क्षणभर रेंगाळली आणि पुढे निघून गेली. दुसरं कोणीतरी बघेल, असंच प्रत्येकाला वाटलं. काकांची छाती घरघरायला लागली. ते स्टुलावर बसले. त्यांना कुशीत धरून मी नुसती लटकत होते. ना वर, ना खाली.

मग त्यांनी पुन्हा बटण दाबलं. तीन ठोके सावकाश, नंतर एकच घाई. तीस वर्षं शाळेत ते अशीच सुटीची घंटा द्यायचे.

दुसऱ्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. ताई त्याच शाळेत शिकलेली. "अगंबाई, ही तर काकांची घंटा!" ती जिन्यात धावली. "काका, आत आहात?" त्यांच्याच्याने बोलवेना. त्यांनी नुसतं दार ठोठावलं.

आता मला हाताने हलवायचं, तर गच्चीवरच्या खोलीत एकाने ब्रेकचा दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने चाक फिरवायचं. एकट्याने होत नाही. ताईची पावलं तिसऱ्या मजल्यावर थांबली. चल गं, वाजव दार, मी मनात म्हणत होते.

दार वाजलं. "भाऊ, काका अडकलेत. मला एकटीला जमायचं नाही."

भाऊ अनवाणीच पळाले. त्यांनी वीज बंद केली. मग वरून आवाज आले, आधी भाऊंचा, मग ताईचा.

"दाबून धरा."

"धरलंय. तुम्ही फिरवा. हात दुखले तर सांगा."

मी इंच इंच वर सरकले. दार उघडलं तेव्हा काकांचे ओठ काळेनिळे पडले होते. भाऊंनी धावत जाऊन पंप आणला, ताईने काकांचं डोकं खांद्यावर घेतलं. काही वेळाने काका पुटपुटले, "सुटली एकदाची शाळा." ताई हसता हसता रडली. भाऊ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोन मेकॅनिक आले. ताई-भाऊ दोघांनीही एकेक बोलावला होता!

मित्रांनो, मी काही या विहिरीतून सुटायची नाही. पण कुठे घंटा वाजली, तर एवढं ध्यानात ठेवा. मी इथले सगळे मजले रोज बघते. 'दुसरं कोणीतरी' नावाचं माणूस यातल्या एकाही मजल्यावर राहत नाही.